पडद्यावरचे गाडगेबाबा : पाहावे कसे, समजावे काय



धम्मदीक्षा घेऊन ज्यांना अजून वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत, अशा घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातील देव्हारा उतरविला, फोटो विसर्जित केले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण संध्याकाळी दूरदर्शन संचावर एखाद्या संताचा चित्रपट लागला तर तो बंद करावा की पाहावा? सासूबाईंना तो पाहावयाचा असतो. मुले तर पाहतातच, आणि आता संचाचीही गरज राहिलेली नाही, मोबाईलवर सगळे मिळते. घरातील कर्ता पुरुष दुसरी पाळी करून रात्री बारा वाजता चाकणहून कंपनीच्या बसने येतो. तोपर्यंत घरात काय पाहिले गेले हे त्याला कळतही नाही.

आपल्या भागात हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी. आषाढीच्या दिवसांत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते, तेव्हा वस्तीतून टाळ-मृदंग ऐकू येतोच. शेजारी वारीला जातात, बोलावतात. आणि त्याच देहूच्या वाटेवर, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे आपण दोन वाटा जिथे अगदी जवळून जातात अशा ठिकाणी राहतो. डोळे मिटून राहणे आपल्याला जमणार नाही आणि जमू नयेही. तेव्हा पाहायचेच असेल तर कसे पाहावे, हा आजच्या पाठाचा विषय. उदाहरण म्हणून आपण गाडगेबाबांचे घेऊ. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम एक सुत्त. संयुत्त निकायात वक्कली नावाच्या भिक्खूची कथा आहे. वक्कली आजारी होता, राजगृहात एका कुंभाराच्या घरी पडून होता. त्याने निरोप पाठविला म्हणून तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. विचारपूस झाली. मनाला काही टोचणी लागली आहे काय, असे तथागतांनी विचारले, तेव्हा वक्कली म्हणाला की फार दिवसांपासून आपले दर्शन घ्यावयाचे मनात होते, पण अंगात तेवढे त्राण उरले नाही. यावर तथागतांनी त्याला काय सांगितले? या नाशिवंत देहाला पाहून तुला काय मिळणार. जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. प्रत्यक्ष बुद्ध समोर उभे असताना दर्शनाला इतकेच महत्त्व असेल, तर दर्शनाचे सोंग घेऊन उभ्या असलेल्या नटाला किती महत्त्व द्यावे, याचा विचार तुम्हीच करा.

ज्यांना सुटीच्या दिवशी जमेल त्यांनी लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणे अवश्य पाहावे. तिथल्या चैत्यगृहात मध्यभागी स्तूप आहे, साधा, गुळगुळीत. मूर्ती नाही. ते लेणे कोरले त्या काळात बुद्धाची मानवी आकृती करीतच नसत. सांची-भरहुतच्या शिल्पांतही बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा एवढेच दाखवीत. शेजारच्या कार्ल्याला बुद्धमूर्ती दिसतात, त्या पुढच्या काळात कोरलेल्या आहेत. मूर्ती वाईट असे मी म्हणत नाही. देहूरोडची मूर्ती बाबासाहेबांनीच बसविली. परंतु कित्येक शतके आपल्या पूर्वजांनी चेहऱ्यावाचून धम्म टिकविला, ही गोष्ट मुलांना माहीत असावी.

आता पडद्याकडे वळू. आपल्या शेजारच्याच देहूचे तुकोबा पडद्यावर आले ते १९३६ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. (वारकऱ्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, हेही पोरांना सांगा.) मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. हे पागनीस पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत असत. पण चित्रपटानंतर लोक त्यांना तुकोबाच मानू लागले, वाटेत त्यांच्या पाया पडू लागले. आणखी एक नवल. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक गीत लिहिले. ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आणि लोक तो गाथेत शोधू लागले. गाथेत तो नाहीच, कारण तो विसाव्या शतकातल्या कवीचा आहे.

यात फसवणूक कोणीच केलेली नाही. गीतकाराने आपले नाव लपविले नव्हते, नटाने आपण संत असल्याचा दावा केला नव्हता. तरीही पाहणाऱ्यांच्या मनात नट संत झाला आणि चित्रपटाचे गीत अभंग झाले. पडद्याची ताकद अशी आहे. पोथीत एखादा मजकूर घुसडायला पूर्वी शंभर वर्षे लागत, ते काम पडदा अडीच तासांत करतो.

त्या चित्रपटात आवली आहे, भांडखोर, कष्टाळू, पोरांच्या पोटाची चिंता करणारी. ती बाई खरी वाटते. आपल्या चाळीत अशा दहा दिसतील. पण त्याच चित्रपटात नदी वह्या परत देते आणि शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात. लहान मूल काय लक्षात ठेवील? विमानच. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवून ऋणकोंना मोकळे केले, ही त्यांच्या चरित्रातील केवढी मोठी गोष्ट! दुष्काळात होरपळलेल्या सावकाराच्या मुलाने येणे सोडून दिले. त्याला कोणत्याही चमत्काराची गरज नाही. ज्यांनी चाकणला घर घेण्यासाठी हप्ते काढले आहेत, त्यांना या कृत्याची किंमत अधिक कळेल. पण विमान उडाले की कर्जखते विसरली जातात.

चमत्काराविषयी आपली भूमिका काय, हे दीघ निकायातील केवट्ट सुत्तात स्पष्ट आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनवितो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेच्या लोकांची श्रद्धा आणखी वाढेल. आजच्या भाषेत, थोडी जाहिरात होईल. तथागत नकार देतात. हवेत उडणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे यांत त्यांना धोका दिसतो, त्यांची त्यांना लाज वाटते. खरा चमत्कार एकच, तो म्हणजे उपदेशाने माणसात बदल होणे. दारू पिणारा माणूस दारू सोडतो, बायकोवर हात उगारणारा हात आवरतो, हा चमत्कार. तो छायाचित्रित करणे मात्र अवघड असते, म्हणून चित्रपटवाले विमान उडवितात.

येथे गाडगेबाबांकडे येऊ.

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव, जात परीट. वडील दारूपायी गेले. आईने त्यांना माहेरी, मामाच्या घरी वाढविले. शाळा नाही. गुरे राखली, शेती केली. १९०५ साली घर सोडले ते कायमचे. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात मडक्याचे खापर, आणि हातात खराटा. ज्या गावात जात, तो गाव आधी झाडून काढीत, आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. कीर्तनाचा विषय देव कमी आणि माणूस जास्त. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शिकवा. जेवायला ताट नसले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, असे ते सांगत. वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. ज्या देवाला स्वतःच्या अंगावरचे कुत्रे हाकलता येत नाही तो तुमचे काय राखणार, अशा तऱ्हेचे ते प्रश्न असत, आणि ते ऐकून भाविकच हसत.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. म्हणजे आपल्या दोन्ही अंगांना, देहूतही आणि आळंदीतही, त्यांचे काम आहे. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, हे ते निक्षून सांगत. पंढरपूरला अस्पृश्य यात्रेकरूंसाठी त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखोंची वास्तू त्यांनी आपल्या संस्थेकडे का दिली असेल? बाबासाहेब तिचा उपयोग शिक्षणासाठीच करतील याची त्यांना खात्री होती म्हणून. कीर्तनात शिक्षणाचा दाखला देताना ते बाबासाहेबांचे नाव घेत. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गाडगेबाबाही गेले.

हा माणूस पडद्यावर तीनदा आला आहे, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या रीतीने.

पहिली वेळ सर्वांत विलक्षण, कारण तेव्हा नट नव्हताच. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. मुहूर्ताला बाबासाहेब उपस्थित होते. जोतिरावांची भूमिका बाबुराव पेंढारकरांनी व सावित्रीमाईंची सुलोचनाबाईंनी केली. त्या चित्रपटात स्वतः गाडगेबाबा आहेत! खरे गाडगेबाबा, स्वतःच्या आवाजात. चित्रपटाला त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदकही मिळाले. जोतिराव, बाबासाहेब आणि गाडगेबाबा या तिघांचा असा एका चित्रपटाशी संबंध आला, ही आपल्या इतिहासातील मोठी घटना आहे. पण आपल्या घरांतून ती फारशी सांगितली जात नाही.

दुसरी वेळ १९७७ ची. ‘देवकीनंदन गोपाला’, दिग्दर्शक राजदत्त. कथा गो. नी. दांडेकरांची, दांडेकर तरुणपणी काही काळ गाडगेबाबांच्या सहवासात राहिले होते. गाडगेबाबा झाले डॉ. श्रीराम लागू. लागू पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि विचाराने निरीश्वरवादी. देवाला आता निवृत्त करावे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले व बोलले, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात नरेंद्र दाभोलकरांबरोबर व्यासपीठावर उभे राहिले. ‘गोपाला, गोपाला’ म्हणून नाचणाऱ्या संताची भूमिका देव न मानणाऱ्या माणसाने केली, आणि ती लोकांच्या मनात घर करून राहिली. १७ डिसेंबर २०१९ रोजी लागू गेले तेव्हाही त्यांच्या या भूमिकेची आठवण निघाली.

मला यात विसंगती दिसत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनातून देवाचे नाव वगळले तरी नव्वद टक्के कीर्तन शिल्लक राहते. शंका असेल त्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ते आजही मिळते. मृत्यूपूर्वी जेमतेम सहा आठवडे आधीचा तो आवाज आहे. ऐंशी वर्षांचा म्हातारा आहे, पण समोरच्यांना गप्प बसू देत नाही. तिसऱ्यांदा, २०१० साली, ‘डेबू’ नावाचा चित्रपट आला आणि मोहन जोशी गाडगेबाबा झाले.

तुमच्यापैकी काहीजण येथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. चित्रपटाचे नावच ‘देवकीनंदन गोपाला’. देवकीचा नंदन म्हणजे कृष्ण. आपण तर राम-कृष्णांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली आहे. मग हा चित्रपट आपल्या घरात कसा?

उत्तर असे की शरण जाणे वेगळे आणि कृतज्ञ असणे वेगळे. शरण आपण फक्त बुद्ध, धम्म आणि संघाला जातो; चौथे शरणस्थान नाही. गाडगेबाबा बौद्ध नव्हते, त्यांना ओढून ताणून बौद्ध ठरविण्याचेही कारण नाही. परंतु ज्याने आयुष्यभर शिवाशिवीविरुद्ध, कर्जाविरुद्ध, पशुबळीविरुद्ध घसा कोरडा केला, त्या माणसाचे ऋण मानण्याने प्रतिज्ञा मोडत नाही. ‘गोपाला’ हा त्यांच्या लोकांचा ओळखीचा शब्द होता. त्या शब्दाने ते लोकांना जमवीत आणि जमल्यावर वेगळेच सांगत. आपल्याला तो शब्द घ्यायचा नाही, पण त्यानंतर जे सांगितले जाई ते ऐकायला काय हरकत? कालामांना तथागतांनी हेच शिकविले होते. कोणी सांगितले, कोणत्या पोथीत आहे, परंपरेत आहे की नाही, यावर जाऊ नका; हिताचे आहे का ते स्वतः पारखा.

मात्र पारखताना एका गोष्टीकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती आपल्याच वस्त्यांतून बोचते. ती म्हणजे खराटा.

पडद्यावर गाडगेबाबांच्या हातात खराटा आला की तो पवित्र दिसतो. वाद्ये वाजतात, लोक हात जोडतात. सरकारनेही २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, आणि मोठमोठ्या माणसांनी हातात झाडू घेऊन छायाचित्रे काढून घेतली. ठीक आहे. पण आपल्या वस्तीतून पहाटे साडेपाचला जी बाई हजेरीच्या कोठीवर जाते, ठेकेदाराच्या कागदावर अंगठा उमटविते आणि दिवसभर शहराचे रस्ते झाडते, तिच्या हातातही खराटाच असतो. तिला कोणी हात जोडत नाही. पाणी मागितले तर ओंजळीत वरून ओतणारी घरे अजून आहेत. तिचा मुलगा घरी बसून हा चित्रपट पाहतो. त्याने काय समजावे? झाडू मारणे हे पुण्याचे काम आहे, तेव्हा आई करते तेच मीही करावे, असे?

येथे आई-वडिलांनी बोलले पाहिजे. गाडगेबाबांनी खराटा स्वतः निवडला. तो त्यांच्यावर जातीने लादला नव्हता. आणि ते दुसऱ्याची घाण दुसऱ्याला दाखवून देण्यासाठी झाडीत. पाटील-कुलकर्ण्यांनी पाहावे की आपले अंगण एक भिकारी झाडतो आहे, लाज वाटून त्यांनीही हात लावावा, असा त्यात डाव होता. आपल्या माणसांच्या हातात मात्र झाडू जन्माने आला. म्हणून १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली गुरे ओढण्याची, मृत मांसाची, हलक्या ठरविलेल्या कामांची सक्ती झुगारायला सांगितले. दोघांचे सांगणे वरवर उलटे दिसते, एक झाडू घ्या म्हणतो आणि दुसरा टाका म्हणतो. नीट पाहिले तर दोघेही एकाच गोष्टीवर घाव घालतात: घाण करणारा एक आणि काढणारा दुसरा, ही जी वाटणी आहे तिच्यावर. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि मग २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे; तरी गटारात उतरून माणसे मरतात, आणि मरणाऱ्यांची जात पाहिली की वाटणी मोडली नाही हे कळते. जो चित्रपट खराट्याला नमस्कार करायला लावतो पण ही वाटणी दाखवीत नाही, तो कितीही भक्तिभावाने काढलेला असो, अर्धवट आहे.

पडद्यावर काय दिसते याबरोबर काय दिसू दिले जात नाही, हेही पाहायला शिका. अलीकडचे उदाहरण आहे. २०२५ साली जोतिराव-सावित्रीमाईंवर ‘फुले’ हा हिंदी चित्रपट तयार झाला. ११ एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीला, तो लागणार होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, परिनिरीक्षण मंडळाने जातींची नावे आणि जातिव्यवस्थेचे उल्लेख बदलायला सांगितले, आणि चित्रपट दोन आठवडे पुढे गेला. ज्या माणसाने आयुष्य जातीविरुद्ध झिजविले त्याच्या चरित्रातून जातीचा उल्लेखच काढायचा! १९५४ साली अत्र्यांनी जे पडद्यावर आणले त्याला राष्ट्रपतींचे पदक मिळाले होते, आणि एकाहत्तर वर्षांनी ही तऱ्हा. कापलेला भाग पडद्यावर दिसणार नाही. तो तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरून काढावा लागेल.

बाबासाहेबांवरील चित्रपटाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट मूळ इंग्रजीत, शासनाच्या साहाय्याने झाला. बाबासाहेबांची भूमिका केरळचे नट मामुट्टी यांनी केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पाहावा, मुलांना दाखवावा. २०१९ साली मालिकाही आली, सागर देशमुख यांची. ती पाहण्यासाठी कितीतरी घरांत जेवणाच्या वेळा बदलल्या. आनंदाची गोष्ट आहे. परंतु मालिका पाहून पाट्यावर बसलेली मुले जर संचाला हार घालू लागली, तर वक्कलीची गोष्ट त्यांना सांगण्याची वेळ आली असे समजावे. बाबासाहेबांची खरी छायाचित्रे आहेत, १९५५ साली बीबीसीने घेतलेल्या मुलाखतीत त्यांचा खरा आवाज आहे, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले हजारो पानांचे साहित्य आहे. तुकोबांच्या वेळी लोकांजवळ पागनीसांशिवाय दुसरा चेहरा नव्हता. आपल्याजवळ ती सबब नाही.

आणि चरित्र कसे सांगावे याचा वस्तुपाठ खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी प्रश्न टाकला की सिद्धार्थाने गृहत्याग का केला. परंपरेने उत्तर तयार होते: म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून. हे दृश्य पडद्याला किती सोयीचे! १९२५ साली हिमांशु रॉय यांनी सिद्धार्थाची भूमिका केलेला मूकपट निघाला, तो अर्नॉल्डच्या काव्यावर आधारलेला होता, आणि त्या काव्यात हीच कथा आहे. पण बाबासाहेबांनी विचारले, एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा, आजारी माणूस किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे शक्य आहे काय? बुद्धीला पटत नाही, म्हणून त्यांनी ती कथा बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलियांत झालेला तंटा पुढे आणला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाचे बहुमत विरुद्ध गेले, आणि त्याने परिव्रज्या पत्करली. पाण्याचे भांडण! टँकरपुढे हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हा सिद्धार्थ जवळचा वाटतो की रथातून फिरताना दचकणारा?

गाडगेबाबांनी सांगून ठेवले होते की माझी मूर्ती, मंदिर, स्मारक करू नका. अमरावतीला गाडगेनगरात आज त्यांचे समाधिमंदिर आहे. शिष्य नको म्हणणाऱ्या माणसाला भक्त मिळाले आणि ते त्याला सोडायला तयार नाहीत. चित्रपट त्या भक्तांच्या बाजूचा आहे की त्या माणसाच्या बाजूचा, हे तुम्ही पाहताना ठरवा.

या महिन्याचा घरचा अभ्यास असा करावा. एका रविवारी, घरात सर्वजण असतील अशा वेळी, ‘देवकीनंदन गोपाला’ एकत्र बसून पाहा. एकट्या मुलाच्या हातात मोबाईल देऊन नव्हे. त्याआधी किंवा नंतर वांद्र्याच्या कीर्तनाचे निदान अर्धा तास तरी ध्वनिमुद्रण ऐका. मग मुलांनी वहीत दोन रकाने आखावेत. एका रकान्यात चित्रपटात बाबा काय करतात ते, दुसऱ्यात कीर्तनात बाबा काय म्हणतात ते. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करावी. घरात वऱ्हाडकडच्या कोणी आजी असतील तर त्यांना विचारावे; त्यांच्या आईने गाडगेबाबांना प्रत्यक्ष ऐकले असण्याचा संभव आहे, आणि त्या जे सांगतील तेही तिसऱ्या रकान्यात लिहावे. सफाईच्या कामावर जाणारी आई, मावशी किंवा शेजारीण असेल तर तिला बोलावून हा चित्रपट तिच्याबरोबर पाहावा, आणि खराट्याची दृश्ये आली की तिला काय वाटले ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. वह्या विहारातील रविवारच्या वर्गाला घेऊन याव्यात.